कांदा प्यालेला दगड

परवा सूनबाईने पिझ्झा भाजायचा दगड विकत आणला, भांड्यांच्या साबणाने खसाखसा घासला आणि गॅलरीत वाळत ठेवला. मी पेपर वाचत बसलो होतो. दगडावरचा तो फेस पाहिला आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की शेजारच्या काकी कोण पडलं म्हणून धावत आल्या. सून बिचारी हातातला काथ्या तसाच धरून उभी. म्हणाली, "बाबा, दगडच तर आहे."

दगडच आहे म्हणून तर ओरडलो. स्टीलची थाळी असती तर मी पेपरातून मान वर काढली नसती. हा दगड म्हणजे डोंगरातला दगड नव्हे, भाजलेल्या मातीची जाड फरशी. तिच्या अंगभर बारीक छिद्रं असतात. पिझ्झ्याची ओली पोळी तापलेल्या फरशीवर पडली की फरशी तिच्यातलं पाणी ओढून घेते, म्हणून तळ कुरकुरीत होतो. लोखंडी पत्र्यावर तोच तळ खालून करपतो आणि आतून कच्चा राहतो. पण जी फरशी पाणी पिते ती साबणही पिते, आणि मग पुढचे कितीतरी दिवस तो साबण तुमच्या पिझ्झ्याला परत देत राहते. सुनेने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग धुवायचा कसा?" मी म्हणालो, धुवायचाच नाही. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी आंघोळ सोडल्याचं जाहीर केलंय.

इथल्या मराठी मंडळाची पोरं गेली दोन वर्षं मागे लागली होती, काका, दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा. मी टाळत होतो. आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्यात ज्याला त्याला सांगण्यासारखं यंत्रमागाचं असतं. कोणाचं बोट गेलेलं, कोणी एकट्याने बारा माग सांभाळलेले. मी शिरपूरकडून सुरतेला आलो तो थोरल्या भावाच्या मागे, मागावरच. पण चार महिन्यांत माझ्या कानात सतत खडखड वाजायला लागली, जेवतानासुद्धा. भावाने कपाळाला हात लावला आणि मला एका नाश्त्याच्या हॉटेलात डोशाच्या तव्यावर उभं केलं. तिथून पुढची तीसेक वर्षं मी आगीसमोरच काढली. मागावाल्यांच्या पंगतीत माझ्या कामाला कोणी काम मानत नसे. "रघुनाथ पोळ्या लाटतो," एवढीच माझी ओळख. आता सुनेच्या त्या फेसाने एक जुनी गोष्ट वर आणली आहे, तर लिहूनच टाकतो.

आधी तव्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. डोशाचा तवा म्हणजे पलंगाएवढं लोखंड. सकाळी तो पेटवायचा, तेल टाकायचं, अर्धा कापलेला कांदा काट्याला खोचायचा आणि त्या कांद्याने तेल सगळीकडे चोळायचं. मग पाण्याचा हबका मारायचा, चुर्र आवाज येतो, झाडूने पुसून घ्यायचं, आणि पहिला डोसा. प्रत्येक दोन-चार डोशांमागे पुन्हा तेच. कांदा, तेल, पाणी, झाडू. सहा वर्षं मी हे रोज शे-दीडशे वेळा केलं. तव्यावाल्याला कांदा ही खायची वस्तू वाटतच नाही. तो ब्रश असतो. झिजला की फेकायचा, दुसरा कापायचा. ही एवढी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

नव्वद सालानंतर सुरतेत पिझ्झ्याचं वारं आलं. आमचे मालक जयेशभाई तेव्हा चाळिशीचे, गोरे, बोलायला गोड आणि हट्टाला भारी. ते अमेरिकेत भावाकडे दोन महिने राहून आले आणि येताना पेटीत चादरींच्या घडीत गुंडाळून एक गोल दगड घेऊन आले. विमानतळावर साहेबाने विचारलं हे काय आहे, तर म्हणे यांनी सांगितलं, घंटी. म्हणजे जातं. साहेबाला वाटलं, गुजराती माणूस अमेरिकेतून जातं आणतोय तर आणू दे. दगडाबरोबर इंग्रजीत छापलेला कागद होता. त्याच्यावर दुसऱ्या दिवशी वेटरने गरम भजी काढून ठेवली.

जयेशभाईंनी गॅसची लोखंडी भट्टी बनवून घेतली, आत तो दगड ठेवला आणि मला तव्यावरून उचलून तिथे उभं केलं. "रघुभाई, आगीशी तुझं जमतं. आता तू पिझ्झा मास्टर." मी खूश. तिसऱ्या दिवशी दगडावर चीज सांडलं, जळलं, काळा डाग पडला. मला तव्याची सवय. मी सरळ पाण्याचा हबका मारला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि अमेरिकेचा दगड मधोमध दुभंगला. बाहेर एक गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून उभं राहिलं. जयेशभाई आले आणि दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. मग म्हणाले, "सात समंदर पार करून आला होता बिचारा."

नवा दगड आणायचा कुठून? अमेरिका काही इथल्या उधन्याच्या पलीकडे नाही. तेव्हा माझा मेहुणा भास्कर कामाला आला. तो कडोदऱ्याला कपडे रंगवायच्या एका मिलमध्ये बॉयलरचा मिस्त्री होता. बॉयलरच्या पोटात आगीपासून लोखंड वाचवायला भाजक्या मातीच्या खास विटा आणि फरश्या लावतात. मी त्याला तुटका तुकडा दाखवला. त्याने तो हातात तोलला, नखाने खरवडला, जिभेला लावून पाहिला. जीभ चिकटली. तो हसायला लागला. "दाजी, ही तं आम्हनी बॉयलरनी इट शे! कितल्या पाहिजेत?"

त्याच्या मालकाला विचारून त्याने दोन कोऱ्या फरश्या आणून दिल्या. अशा रीतीने साड्या रंगवणाऱ्या मिलच्या बॉयलरची फरशी घोडदोड रोडवरच्या आमच्या हॉटेलातल्या पिझ्झ्याखाली गेली आणि पिझ्झा अमेरिकेच्या दगडापेक्षा चांगला व्हायला लागला. हे मी अभिमानाने सांगतो. या नव्या फरशीलाही मी पहिल्या दिवशी तव्यासारखं तेल-कांदा लावून 'तयार' केलं होतं. दोन दिवस इतका धूर झाला की वेटर डोळे पुसत ऑर्डर घ्यायचे. मग धूर थांबला. मला वाटलं, झाली तयार. चुकतोय हे सांगायला कोणी नव्हतं, आणि छापील कागद तर भजीबरोबर गेला होता.

पिझ्झ्याची गिऱ्हाइकंही एकेक नग असायची. एक वयस्कर गृहस्थ दर गुरुवारी यायचे, पिझ्झ्यावर वाटीभर शेव टाकायचे, लिंबू पिळायचे आणि चमच्याने खायचे. एका बाईंनी कडेचा फुगलेला काळा बुडबुडा दाखवून पिझ्झा परत पाठवला, "बळी गयेलो छे," म्हणजे जळलाय. मी बुडबुडे खरवडून तोच परत पाठवला, तर म्हणाल्या, आता बरोबर. हजीऱ्याच्या कारखान्यातला एक साहेब मात्र भट्टीत डोकावून बसायचा. त्याच्याकडेही भट्ट्याच होत्या, पण लोखंड वितळवणाऱ्या. पहिली शिस्त त्याने मला शिकवली. थंड फरशी एकदम मोठ्या आगीवर ठेवायची नाही, आणि गरम फरशी एकदम गार करायची नाही. "उसको टाइम दो, भैया. पत्थर को जल्दी पसंद नहीं." तेलाचं त्याला मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

आणि मग जयेशभाईंच्या डोक्यात जैन पिझ्झा आला.

सुरतेत हे डोक्यात येणारच. जैन गिऱ्हाईक मोठं, आणि त्यांच्यात कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच चालत नाही. जयेशभाईंनी नुसतं 'कांदा नको' म्हणून काम भागवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी दुसरी छोटी भट्टी घेतली, वेगळा ओटा, पिझ्झा काढायची वेगळी पाटी, वेगळी सुरी. भास्करने तिसरी फरशी आणून दिली. पहिल्या मानाच्या गिऱ्हाइकांचा बेतही ठरला. गोपीपुऱ्यातलं एक जैन कुटुंब होतं. त्यांची सून नीताबेन मुलांना घेऊन आमच्याकडे नेहमी यायची, पण सासूबाई कधीच येत नसत. त्या बा सत्तरीच्या, विधवा. त्यांनी लग्नापासून घराबाहेरचं अन्न तोंडात घातलं नव्हतं. सगळं घर बाहेर जेवायला निघालं की बा दाराला आतून कडी लावून एकट्या घरी बसायच्या. नीताबेनच्या मुलीचा, बिजलचा, नववा वाढदिवस होता आणि तिने हट्ट धरला होता की या वेळी बा टेबलावर पाहिजेतच.

नीताबेन दोनदा येऊन सगळं बघून गेली. चीजचा डबा वाचला. यीस्ट चालणार नाही, आदल्या रात्रीची कणीक चालणार नाही. पीठ त्याच दिवशी दह्यावर भिजवायचं. आणि बा सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, तेव्हा पाच वाजता ताट समोर आलं पाहिजे. मी सगळ्याला हो म्हटलं. मला त्या म्हातारीला खूश करायचंच होतं. माझी आईसुद्धा कोणाच्या हातचं खात नसे, मला तो स्वभाव माहीत होता.

त्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. नवी भट्टी पेटवली, नवी कोरी फरशी आत सरकवली. बारीक आगीवर ठेवली, हजीऱ्याच्या साहेबाने शिकवल्याप्रमाणे. कोमट झाल्यावर बाहेर ओढली आणि तिला प्रेमाने तयार केलं. मागच्या वेळच्या धुराची आठवण होती म्हणून तेल अगदी बेताने घेतलं. मग पुन्हा आत ठेवून आग वाढवली. धूर थोडाच झाला. मी स्वतःवर खूश होतो.

साडेचारला ते आले. बा ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या, पाठीत जरा वाकलेल्या. घरून उकळलेल्या पाण्याची बाटली आणली होती. बिजल नव्या फ्रॉकमध्ये, बांचा हात धरून, सगळ्यांना दिसेल अशी. तिने त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. जयेशभाई स्वतः टेबलापाशी उभे राहिले, मलाही बोलावून घेतलं. "बा, आ अमारा मास्टर."

बांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भाई, भठ्ठी अलग छे?"

"हो बा. अलग."

"अने पथ्थर?"

मी उत्तर द्यायच्या आधी जयेशभाईच बोलले, "नवोनक्कोर, बा. काल सुधी कागळमां हतो. हुं जवाबदारी लउं छुं."

"कांदो अड्यो तो नथी ने एने?" म्हणजे शिवला तर नाही ना.

"सवाल ज नथी, बा."

बांनी मान हलवली. मीही मान हलवली, आत गेलो आणि पोळी थापायला घेतली. आणि तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात मला तो दिसला. अर्धा कांदा, काट्याला खोचलेला, कडा झिजलेल्या. सकाळी मी त्यानेच फरशीला तेल चोळलं होतं.

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत हे माझ्या ध्यानात नव्हतं. वेगळी भट्टी, वेगळी सुरी, यीस्ट नाही, बटाटा नाही, सगळं मी पाळलं होतं. कांदा कापायचा नाही हेही पाळलं होतं. पण हा कांदा माझ्या लेखी कांदा नव्हताच. हा ब्रश होता. हाताने आपलं काम केलं आणि डोक्याला विचारलं नाही.

डोकं धावायला लागलं. फरशी सकाळपासून तापतेय, कांद्याचा रस कधीच जळून गेला असणार. चव नाही, वास नाही. बांना कळणार नाही, नीताबेनला कळणार नाही, जयेशभाईंना तर माहीतच नाही. फरशीवर नवी स्टीलची थाळी ठेवून भाजू का? पण बांनी विचारलं होतं ते दगडाबद्दल, आणि आजच काय, पुढेही त्या याच दगडावरचं खाणार. मोठ्या भट्टीच्या फरशीत तर कांदाच कांदा. बाहेरून बिजलचं हसणं ऐकू येत होतं. घड्याळात पावणेपाच. मी पोळी दगडावर टाकली. चूक नाही, मुद्दाम टाकली, खोटं बोलायचं ठरवून टाकली, हेही लिहून ठेवतो. ती फुगली, सोनेरी झाली. त्या दिवशीचा तो पिझ्झा दिसायला माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर पिझ्झा होता. मी तो लाकडी पाटीवर घेतला, दारापर्यंत नेला आणि पाय पुढे जाईना.

पाटी तिथेच स्टुलावर ठेवली आणि रिकाम्या हाताने टेबलापाशी गेलो.

"बा," मी म्हणालो, "भूल थई गई. पथ्थर पर में कांदो घस्यो छे. सवारे. आदतथी."

माझी गुजराती तेव्हा मोडकीच होती, पण एवढं सगळ्यांना कळलं. जयेशभाईंचा चेहरा पांढरा पडला. ते घाईघाईने म्हणाले, "बळी गयो होय, बा, आटली गरमीमां शुं रहे?" बांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडे बघत राहिल्या.

"कोणे कीधुं तने, के बोल?"

"बोलायला कोणीच सांगितलं नाही बा."

त्या उठल्या. रागाने नाही, टेबलाला हात टेकून, सावकाश. पदर सारखा केला. "चालो, बेटा," बिजलला म्हणाल्या. बिजल रडायला लागली. आवाज न करता, नव्या फ्रॉकवर टपाटपा थेंब. "तमे कायम आवुं ज करो छो, बा," ती म्हणाली, म्हणजे तुम्ही नेहमी असंच करता. बांनी उकळलेल्या पाण्याची बाटली उचलली आणि निघाल्या. नीताबेनने जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मला अजून आवडत नाही.

जयेशभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गल्ल्यामागे जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "मी जबान दिली होती, रघुभाई. तू मला आत बोलावून सांगितलं असतंस तर? मी काहीतरी निमित्त काढलं असतं. गॅस संपला म्हटलं असतं." त्यांचं बरोबर होतं. ते मला सुचलंच नव्हतं. दगड चुकीच्या रीतीने तयार करायला डोकं लागलं नाही आणि खरं सांगायलाही लागलं नाही. बाहेर लावलेली जैन पिझ्झ्याची पाटी त्यांनी त्याच दिवशी उतरवली आणि मला सांगितलं, उद्यापासून परत तव्यावर.

घरी गेलो तर बायकोने, सुमनने, ताट वाढता वाढता विचारलं, "तोंड काबर उतरेल शे तुम्हनं?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. मला वाटलं आता म्हणेल, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं. तिने भाजीचा डाव खाली ठेवला.

"ती म्हतारी खाई लेती, तं तुम्हले आठे ईसन जेवन गोड लागतं का?"

"नाही. घरी येऊन घास गोड लागला नसता."

"मंग झालं. ती पोरनं मातर वाईट वाटनं माले." आणि थोड्या वेळाने, "भास्करले सांगा, आखो एक इट आन म्हना."

भास्करने आणखी एक फरशी आणली, या वेळी पैसे न घेता. "दाजी, हाईले काहीच लाऊ नका. आम्ही बॉयलरमा तेल लावतस का?" इतकी वर्षं आगीत काढून हे मला बॉयलरच्या मिस्त्रीने सांगावं! पण तो सांगत होता ते खरं होतं. कोऱ्या मातीत फक्त ओल असते, आणि ओल घालवायची म्हणजेच दगड तयार करायचा. दुसरं काही नाही. मी ती फरशी तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, संध्याकाळी कापडात गुंडाळून आत आणायची. डोशाचं काम संपलं की दुपारी बंद पडलेल्या छोट्या भट्टीत तिला ठेवायचो. पहिल्या दिवशी बारीक आग, तासभर, मग भट्टी बंद करून दार न उघडता आतच गार होऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. तिसऱ्या दिवशी पूर्ण. जयेशभाई येता जाता थांबून बघत. कांदा मी त्या बाजूला फिरकू दिला नाही. काटासुद्धा नवा आणला, खरं तर त्याची काही गरज नव्हती.

मग सुट्टीच्या दिवशी मी गोपीपुऱ्यात गेलो. असं जायची पद्धत नाही, हॉटेलचा माणूस गिऱ्हाइकाच्या दारी. घर शोधायला वेळ लागला. बा ओसरीवर खाखरे शेकत बसल्या होत्या, लाकडी दट्ट्याने दाबून दाबून, कागदासारखे पातळ. मी पायरीवरच उभा राहिलो. नीताबेन आतून आली आणि मला बघून थबकली.

मी बांना सांगितलं, नवा दगड आणलाय. माझी नोकरी आता तव्यावर आहे, पण मालकांना सांगून एक दिवस मी तुमच्यासाठी भट्टी लावीन.

त्यांनी खाखरा उलटला. "आने शुं लगाड्युं?"

"कंईज नहीं, बा. फक्त आग."

"आग तो चोख्खी ज होय," त्या म्हणाल्या. आणखी दोन खाखरे शेकून उतरवले. मग विचारलं, आणखी एकदा तापवणार का? मी म्हणालो, हो, प्रत्येक वेळी तापवावाच लागतो, दोन तास. त्या म्हणाल्या, मग तेव्हाच येते, बघायला. जाताना हातात कागदात बांधलेले खाखरे दिले. सुमनला ते फार आवडले.

दुसऱ्या दिवशी बांचा फोन हॉटेलात आला. जयेशभाई उभं राहून बोलत होते. फोन ठेवून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "रविवारी तीन वाजता. या वेळी मी काही जबान देणार नाही. तूच बोल काय ते."

रविवारी बा बिजलला घेऊन तीनला हजर. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकली. मी गार दगड आत सरकवला, बारीक आग लावली आणि दोन तास बा त्या भट्टीकडे बघत बसल्या. मध्ये मध्ये विचारत, आता वाढवली का? का वाढवली? डाग पडला तर काय करता? मी सांगितलं, पत्र्याने खरवडतो, बाकी डाग राहू देतो. डाग म्हणजे घाण नाही, जळलेलं आहे, त्यात काही उरत नाही. "ओहो," त्या म्हणाल्या, "तवीवाळुं ज छे." म्हणजे त्यांच्या मातीच्या तवीसारखंच. पन्नास वर्षं त्या ज्या तवीवर भाकरी करत होत्या तिला त्यांनी कधी साबण लावला नव्हता. हे मी त्यांनाच आधी विचारलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

पाचला मी पोळी थापली. त्यांच्या डोळ्यांदेखत टाकली, त्यांच्या डोळ्यांदेखत काढली. बा टेबलावर मधल्या खुर्चीवर बसल्या. नीताबेन, तिचा नवरा, धाकटा मुलगा आणि बिजल. बिजलने एक तुकडा सुरीने कापून बांच्या ताटात ठेवला. सगळं टेबल खायचं सोडून बांकडे बघत राहिलं. मी आणि जयेशभाई दारात.

बांनी तुकडा उचलला, घास घेतला, सावकाश चावला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जयेशभाईंनी माझा दंड धरला. आता कांदा नाही, लसूण नाही, यीस्ट नाही, दह्यावरचं घाईचं पीठ, तो पिझ्झा म्हणजे जाड भाखरीवर टोमॅटो. मलाही माहीत होतं. बांनी कसाबसा तो घास गिळला, उकळलेलं पाणी प्यायल्या. मग दुसरा घास घेतला. अख्खा तुकडा संपवला, कडेसकट. मग बिजलच्या ताटातला एक उचलून तोही संपवला. मध्ये नातवंडं त्यांच्या अंगावर रेलून कसला तरी वाद घालत होती आणि बा दोघांनाही गप्प करत होत्या. बराच वेळ ते सगळे उठलेच नाहीत. बाहेर ऊन पार उतरलं.

निघताना बा माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "आवता रविवारे पाछा आवीशुं." पुढच्या रविवारी परत!

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बा, खरं सांगा, तुम्हाला आवडला नाही ना? काहीच स्वाद नव्हता त्याला."

बांनी बिजलच्या खांद्यावर हात ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"स्वाद खातर कोण आवे छे, भाई?"